कंसातलं नाव

धक्का लागला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले असावेत. मांडणीवरच्या ताटल्या किणकिणल्या, खुंटीवरची छत्री भिंतीवर दोनदा आपटली आणि सगळं शांत झालं. पाटणात राहणाऱ्या माणसाला याचं नवल नाही. कोयनेच्या खोऱ्यात धक्का हा जवळच्या पाहुण्यासारखा: न सांगता येतो आणि चहा न घेता जातो. बायकोनं कूस बदलली, "लय नव्हता" म्हणाली आणि पुन्हा झोपली. मी उशाचा मोबाइल हातात घेऊन उठून बसलो. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग ध्यानात आलं, ज्या फोनची मी वाट बघतोय तो येणार नाही. आक्काला जाऊन तेव्हा अडीच महिने झाले होते.

धक्का लागला की आक्काचा फोन ठरलेला.

"बापू, लागला का रं?"

"लागला. भांडी वाजली नुसती."

"पोरं?"

"झोपल्यात."

"बरं, ठेवते. पैसं पडत्यात."

महिन्याचा रिचार्ज मारला की कितीही बोला, असं झालं त्यालाही बरीच वर्षं झाली. पण आक्काच्या फोनला शेवटपर्यंत पैसे पडत राहिले. मोबाइल येण्याच्या आधी हीच चौकशी दुसऱ्या दिवशी एसटीच्या थांब्यावर व्हायची. आणि त्या चौकशीचं मूळ ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेत होतं.

तेव्हा मी नऊ वर्षांचा, आक्का पंधराची. आमचं घर हेळवाकच्या अलीकडं एका वाडीत, दगडमातीच्या भिंतींचं, वर कौलं. पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी भूकंप झाला. ही वेळ मला पुढं पुस्तकात वाचून कळली. त्या पहाटेचं माझ्याजवळ जे आहे ते एवढंच: कुणीतरी माझं मनगट धरून ओढतंय, गुडघे उंबऱ्यावर सोलवटलेत, तोंडात माती गेलीय. अंगणात आल्यावर आक्कानं मला गोठ्याच्या मेढीला टेकवलं आणि स्वतःच्या अंगावरची वाकळ माझ्याभोवती गुंडाळली. वाकळ तिनं बाहेर पळताना कशी काय उचलली, हे तिला कधीच सांगता आलं नाही. उजाडल्यावर वडिलांनी मला आत नेऊन दाखवलं. मी झोपायचो त्या जागी गाडीभर दगड पडले होते.

त्या भूकंपाची ताकद साडेसहाच्या आसपास मोजली गेली. जवळपास पावणेदोनशे माणसं गेली, शेकडो जखमी झाली. माणसं मेली ती बहुतेक आमच्यासारख्याच दगडी भिंतींखाली. कोयनेचं वीजघर थांबलं आणि तिकडं मुंबईतले दिवे गेले. धरणाला तडे गेले, पण धरण उभं राहिलं. जलाशय भरायला लागल्यापासून खोऱ्यात धक्के सुरू झाले होते, आणि धरणाच्या पाण्याचा भूकंपाशी काय संबंध असतो हे अभ्यासायला जगभरचे शास्त्रज्ञ आजही कोयनेचं नाव घेतात. आमच्या वाडीचा अभ्यास त्याहून सोपा होता. कुणाच्या घरातलं कोण गेलं आणि कुणाला कुणी बाहेर ओढलं, एवढीच मोजणी. मला आक्कानं ओढलं. तेव्हापासून धक्का लागला की माझं मनगट जागेवर आहे का, हे तपासायची तिला सवयच लागली असावी.

१९७० साली आक्काचं लग्न झालं. दिलं मोरणा खोऱ्यात, मोरगिरीच्या पुढं. दाजी मुंबईला गिरणीत. पाटण तालुक्यातल्या कुठल्याही घरात विचारा, हीच गोष्ट निघेल: बाप्या मुंबईत, बाई गावात. कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणी डोक्यावर आणि पाठीवर ओझी वाहणारा माथाडी. माथाडींची संघटना बांधणारे अण्णासाहेब पाटील आमच्याच तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, तोही मुंबईला जाऊन माथाडीच झाला. गावात मागं राहिलेल्या बाईच्या वाट्याला भाताचं खाचर, सासू, म्हैस आणि महिन्याची मनिऑर्डर.

लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला तिला आणायला मी गेलो. सासरच्या लेकीला सणाला माहेरी न्यायला जो येतो त्याला मुराळी म्हणतात. हा शब्द आता नव्या पोरांना समजावून सांगावा लागतो. मी बारा वर्षांचा मुराळी, हातात आईनं दिलेली कान्होल्यांची पिशवी. आक्का ओढ्यावर धुणं धूत होती. मला लांबून बघितलं आणि हातातलं लुगडं तसंच पाण्यात सोडलं. ते वाहून चाललं, तेव्हा दोघांनी मिळून पळत जाऊन धरलं. सासूनं त्यावर काय ऐकवलं ते आक्का पुढं वर्षानुवर्षं नक्कल करून सांगायची.

आपल्याकडं भाऊ-बहीण म्हटलं की सगळं गाणं बहिणीच्या बाजूनं आहे. पहाटे जात्यावर बसलेल्या बाईनं भावाला चंद्र केलं, सूर्य केलं, घोड्यावर बसवलं, वाड्याच्या दारात उभं केलं. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन'मध्ये अशा ओव्या गोळा केल्या. पुढं हेमा राईरकर आणि गी पॉयटविन यांनी गावोगाव फिरून लाखावर ओव्या टिपल्या. त्यांत भावाच्या ओव्या शोधाव्या लागत नाहीत, हात घालाल तिथं सापडतात. नागपंचमीच्या आदल्या दिवशी बाया भावासाठी उपास करतात. भाऊबीजेला यमुना यमाला ओवाळते. जिला भाऊ नाही, तिनं चंद्राला ओवाळावं, इतकी सोय परंपरेनं करून ठेवली आहे.

भावाच्या बाजूनं काय आहे? जातं बाईच्या हातात होतं म्हणून भाऊ ओवीत आला. पुरुषानं बहिणीसाठी रचलेलं असं काही चटकन आठवून बघा. बहिणीसाठी भावानं धरायचा उपास कुठला? ज्याला बहीण उरली नाही त्यानं भाऊबीजेला कुणाकडं बघायचं? चंद्रावर बायकांचा हक्क. आपल्याला काहीच नाही. आक्का गेल्यावर मला पहिल्यांदा कळलं की या बाजूची भाषाच आपल्याला कुणी शिकवलेली नाही.

संतांच्या घरात मात्र वेगळं चित्र आहे. ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली, त्यानंतर काही महिन्यांतच मुक्ताबाई तापीकाठी गेली. नामदेवांच्या नावावरच्या अभंगांत तिन्ही भावांइतकीच तिच्या जाण्याचीही गोष्ट आहे. आजही जळगाव जिल्ह्यातल्या मुक्ताईनगरहून तिची पालखी पंढरीला निघते. फार लांबचा पल्ला चालून ती वाखरीला पोचते आणि तिथं भावांच्या पालख्यांना भेटते. मी चार वर्षं आषाढीच्या जादा गाड्यांवर ड्युटी केली आहे. वाखरीला गाडी अडकली की खाली उतरून बघायचो. सातशे वर्षांपूर्वी गेलेली बहीण दरसाल भावांना भेटायला येते आणि लाखो माणसं त्यांना वाट करून देतात. बहिणीची आठवण म्हणून याच्याएवढं मोठं दुसरं काही आपल्याकडं नसेल.

ड्युटीचा विषय निघाला म्हणून सांगतो. १९८२ साली मी एसटीत कंडक्टर लागलो. त्याच सालच्या जानेवारीत मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते आणि त्यातले कितीतरी पुन्हा कधी गिरणीत गेले नाहीत. दाजी वळकटी घेऊन गावी आले ते कायमचे. मनिऑर्डर बंद झाली. आक्कानं दुसऱ्यांच्या खाचरात लावणीला जायला सुरुवात केली, त्याच पावसाळ्यापासून.

पाटण डेपोला असताना मोरणा खोऱ्यातली गाडी माझ्याकडं बरीच वर्षं होती. आक्काच्या गावाचा थांबा म्हणजे एक आंब्याचं झाड. गाडी तिथं जेमतेम दोन मिनिटं थांबायची. त्या दोन मिनिटांत आमचं भावाबहिणीचं सगळं चालायचं. खिडकीतून किटली आत यायची: कधी चीक, कधी हुलग्याचं माडगं, पावसाळ्यात फडक्यात बांधलेली भारंगीची भाजी. मी रिकामी किटली आणि पाटणातून आणलेली गोळ्यांची पुडी परत द्यायचो. "आईचं गुडघं?" "हायेत तसंच." "दादाचं पत्र?" "आलं." मागं बसलेले लोक कुरकुरायच्या आत मी दोरी ओढायचो, दोन ठोके, गाडी सुटायची. आमचे एक ड्रायव्हर म्हणायचे, "मास्तर, ह्या आंब्याखाली ब्रेक आपोआप लागतंय बघा."

आणि मुक्कामी गाडीची पाळी आली तर दिवाळीच. मुक्कामी गाडी म्हणजे रात्री शेवटच्या गावात थांबून पहाटे परत फिरणारी. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात नाहीतर गाडीतच झोपायचे. माझी वळकटी आक्काच्या पडवीत असायची. ती चुलीपुढं बसून भाकरी थापायची आणि मी तिकिटांच्या ट्रेवर वही ठेवून वेबिल लिहायचो. हिशोबात पाच-दहा रुपये कमी आले की तिला माझ्या तोंडावरून कळायचं. उठून डब्यातलं पाकीट काढायची. "घे. तुझ्या पगारातनं कापत्यात न्हवं." मी घ्यायचो. परत केले की नाही, ते आता आठवत नाही. आठवत नाही याचाच अर्थ केले नाहीत.

आक्का एसटीत बसली की तिकीट काढल्याशिवाय राहायची नाही. चेकर चढला तर भावाची नोकरी जाईल, ही भीती. माझ्याच हातचं तिकीट ती घडी घालून चोळीत ठेवायची.

आता जे सांगायचं ते सांगतो. बहिणीच्या आठवणी लिहिताना हात इथवर सुखानं चालतो. किटली, पडवी, आंबा लिहून थांबलं तर लेख गोड होईल. पण आक्का गेल्यावर मी एक कागद बघितला, आणि तो बाजूला ठेवून तिच्याबद्दल लिहिणं म्हणजे बिनतिकीट प्रवास.

१९९९ साली वडील गेले. वारसांची नोंद झाली तेव्हा सातबाऱ्यावर आई, दादा, मी आणि आक्का अशी चार नावं लागली. दीड एकर जमीन, त्यातलं निम्मं उताराचं. दादा मुंबईहून आला. कुणीही आवाज चढवला नाही, कुणी भांडलं नाही. बहिणीनं हक्क सोडायचाच असतो, हे हवेत होतं. मी रजा टाकली आणि आक्काला पाटणला घेऊन आलो. ती कामाची साडी बदलून, केसाला तेल लावून आली होती, जणू कुणाच्या साखरपुड्याला. दस्त नोंदवताना टेबलामागच्या माणसानं विचारलं, "स्वखुशीनं सोडताय ना?" ती म्हणाली, "व्हय." चौथीपर्यंत शिकलेली. सहीला तिला वेळ लागला. जीभ दातात धरून एकेक अक्षर काढत होती आणि मी मागच्या रांगेकडं बघून ओशाळत होतो, की हिच्यामुळं लोकांचा खोळंबा होतोय.

नंतर आम्ही स्टँडसमोर मिसळ खाल्ली. दादानं तिला साडी घेतली, साडेतीनशे रुपयांची. गिरणी सुटलेल्या माणसाची ती बायको होती, दुसऱ्याच्या चिखलात वाकत होती. तिच्या वाट्याला किती गुंठे येत होते, हा हिशोब तिघांपैकी कुणीही तोंडातून काढला नाही. गाडीत बसल्यावर ती मला म्हणाली, "बरं झालं बापू. माह्यार तुटायला नगं."

हे वाक्य आपल्याकडच्या हजारो बायकांनी म्हटलेलं आहे. नवरा गेला, सासरी बिनसलं, तर परत यायला एक दार असावं. त्या दाराचं भाडं म्हणून जमीन सोडायची. कायदा काही वेगळंच सांगत होता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं बापाच्या हिश्श्यात मुलगी वारस झालीच होती. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत तिला जन्मानंच मुलाएवढा हक्क मिळाला. २०२० साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की २००५ साली बाप हयात नसला तरी हा हक्क जात नाही. पण हक्कसोड पत्रावर तिनं स्वतः सही करून दिली की कायद्याला करण्यासारखं फार काही उरत नाही.

आक्का गेल्यावर काही महिन्यांनी सोसायटीच्या कामासाठी मला जुने उतारे काढावे लागले. हातानं लिहिलेला सातबारा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: त्या काळी सातबाऱ्यावरून माणूस कमी झाला की त्याचं नाव खोडत नसत. नावाच्या दोन्ही बाजूंना कंस काढत आणि शेजारी फेरफाराचा नंबर टाकत. तलाठ्याच्या भाषेत, नावाला कंस करणं. वडिलांच्या नावाला कंस होता, ते वारले होते. आईच्या नावाला कंस होता, तीही पुढं गेली. आणि आक्काच्या नावाला कंस होता, ती जिवंत असताना केलेला. पूर्ण नाव, शेजारी शाईचे दोन वाकडे फराटे. फेरफाराच्या नोंदीत कारण लिहिलं होतं: हक्कसोड. आमच्या घराण्याच्या कागदांत माझ्या बहिणीचं नाव आता एवढ्या एकाच जागी आहे, जिथं तिनं ते सोडून दिलं तिथं.

कंस हा शब्दही काय नेमका आहे बघा. गोष्टीतला कंस देवकीचा भाऊ. लग्नानंतर बहिणीला सासरी पोचवायला तो स्वतः रथ हाकत होता, म्हणजे त्याचंही प्रेम होतंच. स्वतःवर बेतलं तेव्हा त्याच हातानं त्यानं बहिणीला कोंडलं. आम्ही काही कुणाला तुरुंगात टाकलं नाही. शाईचे दोन फराटे काढले.

२०२३ च्या फेब्रुवारीत आक्का गेली. दुपारी छातीत कळ आली. गाडी करून कराडला नेत होते, वाटेतच संपलं. मला निरोप आला तेव्हा दिवेलागण झाली होती. मातीला जायचं तर माहेरची साडी हवी. लग्न झालेली बाई गेली की शेवटी तिच्या अंगावर माहेरची साडी घालायची, ही आमच्याकडची रीत. १९९१ साली 'माहेरची साडी' हा सिनेमा आला, तेव्हा बायांनी थेटरात पदर भिजवले होते. आक्कानं तो कराडला जाऊन बघितला होता आणि पुढं आठवडाभर त्याच्यावर बोलत होती. आता ती साडी आणायची पाळी माझी होती.

दुकानाचं शटर अर्धं खाली आलं होतं. मी वाकून आत गेलो. "हिरवी दाखवा, बहिणीसाठी." दुकानदारानं गठ्ठा सोडला आणि सवयीनं विचारलं, "कार्यक्रम काय आहे?" मी काही बोललो नाही. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं, दाखवायला काढलेल्या साड्या बाजूला सारल्या, एक हिरवी उचलली आणि खोक्यात न घालता साध्या कागदात बांधली. अशा साडीला खोकं देत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. किती झाले ते मी विचारलं नाही, एक नोट पुढं केली. त्या साडीची किंमत मला माहीत नाही. साडेतीनशेवाली तेवढी पाठ आहे.

दाजी हयात असल्यामुळं तिला सवाष्णीसारखी सजवली, मळवट भरला, हिरव्या बांगड्या घातल्या. सगळ्यांच्या साड्या पायाशी आल्या. माझी अंगावर गेली. बाया म्हणाल्या, "नशीबवान, भाऊ येळंवर आला." पंचमीचा मुराळी म्हणून ज्या दारात उभा राहिलो होतो, ते हेच दार.

तिसऱ्या दिवशी सावडलं. निवद ठेवला, तोवर कावळा येऊन शिवला. लोक अजून चपला काढत होते. दुसरीकडं तासतास वाट बघतात, काय राहिलं असेल ते बोलून दाखवतात, शपथा घेतात. आक्काला कुणाला ताटकळत ठेवायची सवय नव्हती. मला मात्र वाटत होतं, कावळ्यानं जरा थांबायला हवं होतं. माझ्याजवळ बोलून दाखवण्यासारखं होतं, आणि चारचौघांत ते माझ्याकडून तेव्हाच वदवून घेता आलं असतं.

रीतीनं बघितलं तर भावाचं काम तिथं संपतं. सासरी गेलेली बहीण दुसऱ्या गोत्राची, तिचं सुतक भावाला पुरे दहा दिवसही नसतं. अहेवपणी गेलेल्या बाईचं श्राद्ध भाद्रपदातल्या अविधवा नवमीला सासरचे घालतात. तरी एक जागा मला सापडली. पितृपक्षात महालयाला ज्यांच्या नावानं पाणी सोडायचं त्यांची एक लांबलचक यादी असते. आईबाप, आजे-पणजे, मग चुलते, मामा, आत्या, मावश्या. त्या गर्दीत एक शब्द येतो: आत्मभगिनी. म्हणजे सख्खी बहीण. गुरुजींनी तो भरभर म्हटला, मी त्यांना थांबवून पुन्हा म्हणायला लावला. आक्का कुठल्या का गोत्रात जाईना, यादी करणाऱ्यानं तिला विसरलेलं नव्हतं.

मी हे लिहायला घेतलं तेव्हा मुलीनं मोबाइलवर मला एक गोष्ट वाचून दाखवली. अठराव्या शतकात चीनमध्ये युआन मेइ नावाचा कवी होता. १७६७ च्या हिवाळ्यात, म्हणजे आमच्या भूकंपाच्या बरोबर दोनशे वर्षं आधी, त्यानं आपल्या धाकट्या बहिणीला मूठमाती दिली आणि तिला उद्देशून एक लेख लिहिला. तो तिकडं आजही वाचला जातो. त्यात दोघांनी लहानपणी मिळून रातकिडे पकडल्याचं आहे, आणि थंडीनं ते मेले तेव्हा दोघांनी ते पुरल्याचं आहे. पण मला धरून ठेवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. बहिणीचं लहानपणी ठरलेलं लग्न एका वाईट माणसाशी होतं. मोडायची संधी होती, तिनं मोडलं नाही, आणि पुढं छळ सोसून माहेरी परत आली. भाऊ लिहितो की लहानपणी पोथ्या वाचायला ती माझ्याच शेजारी बसायची. पातिव्रत्याच्या जुन्या गोष्टी तिथंच तिच्या डोक्यात गेल्या. ती अक्षरं शिकली नसती तर कदाचित इतकी हट्टानं तिथं राहिली नसती. म्हणजे रातकिडे लिहिले, आणि स्वतःची चूकही लिहिली. त्या माणसाला मी ओळखतो, असं मला वाटलं.

पहिल्या भाऊबीजेला मी कुठंच जाणार नव्हतो. सकाळी भाचीचा फोन आला, "मामा, येताय न्हवं? आयनं करंज्या करायला शिकवल्यात, खाऊन बघा जमल्यात का." गेलो. तिनं ओवाळलं. भाचीनं मामाला ओवाळणं रीतीत बसतं की नाही, कुणी विचारलं नाही. तिच्या लग्नात, मुलीच्या मामांनी मुलीला मांडवात आणावं, अशी हाक आली होती तेव्हा मीच तिचा हात धरून आणलं होतं. बहीण गेल्यावर भावाला आपल्या समाजानं वेगळा विधी दिला नाही, पण मामापण आधीच देऊन ठेवलंय. ते कसं निभवायचं तेवढं आपल्या हातात आहे. मामा म्हटलं की चांदोबाही आठवतो आणि कंसही.

त्या दिवशी परत आल्यावर मी वकिलाकडं जाऊन मृत्युपत्र केलं. वडिलांच्या जमिनीत आक्काला जो वाटा मिळायला हवा होता, त्यातला माझ्याकडं आलेला भाग भाचीच्या नावे लिहिला. फार नाही, थोडेच गुंठे आहेत, तेही उताराचे. दादाशी बोललो. त्यानं अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. माझ्या मुलाला आणि मुलीला समोर बसवून सांगितलं की या घरात इथून पुढं हक्कसोड होणार नाही. मुलगा क्षणभर थांबून "बरं" म्हणाला. त्या थांबण्यात मला १९९९ सालचा मी दिसलो.

धक्का लागला की आता फोन मी करतो, भाचीला. "लागला का गं?" एवढंच विचारतो.

वाचणाऱ्या भावांना एक विनंती. घरात जुना, हातानं लिहिलेला सातबारा असेल तर एकदा काढा आणि कंसातली नावं सावकाश वाचा. त्यांत बाईचं नाव सापडलं तर ती तुमची आत्या असेल, नाहीतर बहीण. हयात असेल तर तिच्याकडं जाऊन या. जाताना साडी नेलीत तर चांगलंच, पण तो कागदही बरोबर न्या.